पालथा तांब्या

मास्तर माणसं मोजत नसत. तांबे मोजत.

सकाळी सहाला ते पडवीतल्या लाकडी फळीसमोर उभे राहायचे. हात पाठीमागं बांधलेले, खाकी हाफपँट, तिच्याखाली वाळल्या बाभळीसारखे पाय. फळीवर एका ओळीत तांबे. पितळेचे, स्टीलचे, जर्मनचे, पोचे आलेले, काठ उडालेले. प्रत्येकाच्या गळ्याला एक चिंधी बांधलेली. ज्याचा तांब्या सुलटा तो शिबिरात. ज्याचा पालथा तो बाहेर, मग तो ओढ्याच्या अंगाला गेलेला असो की खाली टँकरपाशी. परत आला की आपला तांब्या आपणच सुलटा करायचा. नावं घेऊन हाका मारणं मास्तरांना पटत नसे. हाकेनं पोर दचकतं, दचकलं की पळतं, पळालं की त्याला तहान लागते, असा त्यांचा हिशेब.

त्या साली सगळ्या गोष्टी तहानेपाशी येऊन थांबत. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. कपिलधारच्या धबधब्याची धार सुतळीएवढी झाली होती, असं तिथं जाऊन आलेले लोक सांगत. आमच्या भागातल्या दूध संघानं, म्हणजे दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं, डोंगराखालच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. घरोघरची मोठी माणसं जनावरांबरोबर छावणीत राहायला गेली. मग लेकरांनी काय तिथं शेणात लोळायचं? म्हणून संघानं उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं डोंगरावरच्या जुन्या दगडी शाळेत शिबिर काढलं. चाळीस पोरं, दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी, दिवसाआड टँकर. शिबिरात स्वयंपाक करणारी मावशी म्हणायची, "खाली जनावरांची छावनी, वर लेकरांची. चारा दोनीकडं सारकाच."

मास्तर या शिबिराचे प्रमुख. संघाच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण तिच्यातली गोटी त्यांनी काढून टाकली होती. फुंकली की नुसती हवा यायची. शिट्टीचा आवाज आला की पोरं धावत सुटतात, म्हणून. धावायचे सगळे खेळ त्यांनी बंद केले आणि बसून खेळायचे खेळ काढले. बसून खो-खो, बसून कबड्डी. कबड्डीत बुड जमिनीवरून उचललं की बाद. चाळीस पोरं लिंबाच्या सावलीत बुडावर सरकत "कबड्डी कबड्डी" म्हणताना बघून पहिल्या दिवशी मला वाटलं, इथं सगळेच वेडे आहेत.

आणि रोज सकाळी तांबे मोजून झाले की सर्वसाधारण सभा. हो, संघाची भरते तशीच. मास्तर संघाचे अगदी पहिल्या दिवसाचे सभासद. जगात जे काही करायचं ते ठराव करूनच करायचं, यावर त्यांची श्रद्धा. प्रत्येक पोर सभासद. ज्याला काही पाहिजे त्यानं उभं राहून ठराव मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे. मंजूर झालेला ठराव मास्तर कोळशानं भिंतीवर लिहायचे. झोपताना भुताच्या गोष्टी सांगू नयेत. सूचक घाबरलेला, अनुमोदक त्याहून घाबरलेला. मंजूर. खिचडीत मिरची कमी टाकावी. मावशीनं झारा दाखवला. नामंजूर.

मी बीए झाले त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या बौद्ध वस्तीतली मी पहिली बीए. युसूफ वडगाव नावाच्या गावच्या बाजारात वडील पोती उचलायचे. निकाल कळला तेव्हा त्यांच्या खांद्यावर ज्वारीचं पोतं होतं. ते तसंच घेऊन ते चार दुकानं फिरून आले, "पोरगी बीए झाली" म्हणत. पोतं खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही.

संघाच्या सचिवांनी मला बोलावलं. जूनपासून डोंगरावरच्या त्याच दगडी शाळेत संघाची निवासी शाळा सुरू होणार होती आणि मुलींच्या वसतिगृहाला एक बाई पाहिजे होती. "पण आधी म्हैनाभर शिबिरात ऱ्हावा," ते म्हणाले. "मास्तरांनी एक वळ लिहून दिली की तुमचं काम झालं."

"कसली ओळ?"

"ते एकच लिहितेत. 'पोरं मोजता येतात', न्हाईतर 'पोरं मोजता येत नाहीत'. दुसरं काई लिहीतच न्हाईत. आमी लई सांगून बघितलं."

मला हसू आलं. अर्थशास्त्र घेऊन बीए झालेल्या मुलीला चाळीस पोरं मोजता येणार नाहीत? घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, काम होतंय. त्यांनी "झालं" असं ऐकलं आणि वस्तीत गूळ वाटला. त्या गुळामुळं माझी पंचाईत झाली. आता ती ओळ मिळाल्याशिवाय घरी जायची सोय राहिली नव्हती.

डोंगर चढून मी पोचले तेव्हा बारा वाजले होते. खांद्याला पिशवी, हातात प्लॅस्टिकची बाटली. मास्तर पडवीत उभे होते. ते आधी माझ्या बाटलीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"तहान लागली?"

"नाही."

"लागंल. बीए का तुमी?"

"हो."

"बसा बीए."

तेव्हापासून मी बीए. माझं नाव त्यांनी कधीही विचारलं नाही. "ओ बीए, ती पोरं उनात कावून उबी हायेत बगा." "बीए, कालची गोष्ट आर्दी ऱ्हायलीय, पोरं मला इचारायलीत."

मग त्यांनी मला तांब्या दिला. नवा कोरा, स्टीलचा, गळ्याला निळा दोरा. म्हणाले, "ह्यो तुमचा. तुमी ह्यातच प्यायचं. दुसऱ्याचा घ्यायचा न्हाई, आपला दुसऱ्याला द्यायचा न्हाई."

माझे हात होते तिथंच राहिले.

माझे आजोबा ज्या गावी कामाला जायचे, तिथल्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर, वळचणीला खोचलेली असायची. आपण काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, आपण धुवायची, परत खोचायची. मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण ऐकून ऐकून ती कपबशी मला स्वतःच्या हातातली वाटते, तिचा टवका उडालेला काठ बोटाला लागतो. आमच्या घरात म्हणूनच सगळे कप एकसारखे. एखादा फुटला तरी वेगळ्या नक्षीचा आणायचा नाही, सगळे मिळून नवे आणायचे, ही आजीची शिस्त. आणि इथं बीए होऊन पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या हातात वेगळा तांब्या, आणि वर निळा दोरा. फळीवर लाल, पिवळ्या, हिरव्या, फुलाफुलांच्या चिंध्या होत्या. निळा रंग फक्त मला दिलेला.

"माझी बाटली आहे," मी म्हणाले.

मास्तरांनी तांब्या फळीच्या टोकाला ठेवून दिला. पालथा.

त्यानंतर रोज सकाळी मोजून झालं की ते मोठ्यानं म्हणायचे, "बेचाळीस आत, एक बाहेर." चाळीस पोरं, मावशी आणि ते स्वतः मिळून बेचाळीस. मला वाटायचं, गेलं असेल कुणी ओढ्याकडं. पोरं माझ्याकडं बघून गप्प व्हायची ते माझ्या लक्षात येत नव्हतं.

बाकी मी रुळले. मुलींच्या खोलीत चटईवर झोपायचं, पहाटे राखेनं भांडी घासायची, दुपारी गोष्टी सांगायच्या. गोष्टींमुळं पोरं माझी झाली. सगळ्यात आधी चिकटली ती चंदी. नऊ वर्षांची, बारकी, आणि माणसांशी जनावरांसारखं बोलायची. कुणी आडवं आलं की "हो बाजूला, हिर्र." कुणी रडायला लागलं की त्याची मान खाजवायची. तिच्या तांब्याला चिंधी नव्हती, लाल लोकरीचा गोंडा होता.

"कालवडीच्या गळ्यातला हाय," ती म्हणाली. "आबा म्हनलाय, जवर ह्यो गोंडा हितं बांदलेला हाय तवर कालवड छावनीत हाय. इकनार न्हाई."

बाकीच्या चिंध्याही अशाच घरून आलेल्या. आईच्या लुगड्याची पट्टी, बापाच्या धोतराची किनार. हे मला माहीत झालं होतं, तरी माझ्या डोक्यातली कपबशी काही हलेना. पोरं एकमेकांच्या तांब्याला हात लावायला भितात, हेच मला दिसायचं. "ए, त्यो माजा हाय, ठिव खाली!" असं कुणी ओरडलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

नवव्या दिवशी मी सभेत उभी राहिले. कॉलेजात वक्तृत्वाला बक्षीस मिळवलेलं, त्यामुळं बोलता येत होतं. पाणी सगळ्यांचं आहे, म्हणाले. माणूस भांड्यानं ओळखायचा नसतो. आजपासून इथं कुणाचा वेगळा तांब्या नाही. सगळ्या चिंध्या सोडायच्या आणि ज्याला जो हाताला येईल त्यातून प्यायचं.

मास्तर ऐकत होते. "सूचक बीए," ते म्हणाले. "अनुमोदक?"

दहा-बारा पोरं एकदम उठली. गोष्ट सांगणाऱ्या ताईला नाही कोण म्हणणार? हात वर झाले. चंदीचा हात खांद्याएवढाच वर आला.

"मास्तर, तुमचा हात?" मी मुद्दाम विचारलं.

"अध्यक्षाला हात नसतेत," ते म्हणाले, आणि भिंतीवर लिहिलं, मंजूर.

मी स्वतः एकेक गाठ सोडली. चिंध्यांचा बोचका करून मावशीला दिला, गरम भांडी उतरवायला. मास्तरांच्या तांब्याला हिरव्या काठाची पट्टी होती. ती मात्र त्यांनी स्वतः सोडली, तिची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बायकोच्या लुगड्याची हाय ती," मावशी नंतर मला म्हणाली. "जाऊन सा वरसं झाली बिचारीला. तुला कुनी सांगितलं गं बाई, जमलेलं इस्कटायला?"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळत बाई. मी कुटं बीए हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर फळीसमोर उभे राहिले आणि आकडा न सांगताच आत गेले. तांबे सगळे सारखे. कुणी पालथा केला तरी तो कुणाचा ते कळत नव्हतं, आणि दुसरा कुणीतरी येऊन तोच सुलटा करून पाणी पीत होता. मी म्हणाले, काळजी करू नका, मी हजेरी घेते. वहीत चाळीस नावं लिहिली. सकाळी नाव घेतलं, हजर आलं, बरोबरची खूण केली.

त्याच दिवशी दुपारी पंगत बसली आणि एका पत्रावळीपुढं कुणीच नव्हतं.

मी वही उघडली. वहीत चाळीस हजर होते. नावं पुन्हा घेतली. चंदीचं नाव आलं आणि कुणी बोललं नाही.

"सकाळी हजर कोण म्हणालं?"

तिच्या शेजारची पोरगी रडायला लागली. "म्या. ती म्हनली, तू म्हन, मी आत्ता आली."

म्हणजे सकाळपासून. मास्तर फळीकडं गेले. तांबे आम्ही ढकलून ढकलून जवळ केलेले, मधली फट बुजलेली. त्यांनी एकेकावर बोट ठेवून मोजले. एक तांब्या कमी होता. आदल्या दिवसापर्यंत त्यांनी पडवीच्या पायरीवरूनच सांगितलं असतं, लाल गोंडा जागेवर नाही म्हणून.

खरं सांगते. मला पहिल्यांदा चंदीचा विचार आला नाही. पहिला विचार आला तो ओळीचा. आता ओळ गेली, आणि वडिलांनी तर गूळ वाटलाय. तो विचार आला आणि लगेच मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी अनवाणीच उतरणीला लागले. मागून मास्तर आले. "चप्पल घाला," एवढंच म्हणाले. माझ्या चपला त्यांच्या हातात होत्या.

छावणीची वाट तासाभराची. नुसता खडक आणि ऊन. निम्म्या वाटेवर एक जुनी विहीर, कोरडी, कठडा ढासळलेली. मास्तर तिथं थांबले. मला म्हणाले, तुमी हितंच ऱ्हावा. मग त्या वयाचा तो माणूस तापलेल्या दगडावर पालथा झोपला आणि काठावरून डोकं आत घालून बघू लागला. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती.

"न्हाई," ते आतूनच म्हणाले. पण उठले नाहीत. तसेच पडून राहिले. मी जवळ गेले. मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि उठले, आणि पुढं बराच वेळ सोडला नाही.

छावणीत कडब्याच्या गंजीच्या आडोशाला चंदी बसली होती. शेजारी तिची कालवड, निवांत रवंथ करत. चंदीच्या एका मुठीत लाल गोंडा, मावशीच्या बोचक्यातून काढलेला, मांडीवर तांब्या. तिचा बाप आम्हाला बघून धावत आला.

"मास्तर, आत्ता घिऊन येनारच हुतो वर. पोरगी पानी घिऊन आली वो. सोताच्या वाट्याचं. कालवडीला पाजायला." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "आन हितं तर हौद भरलेला. कालवडीनं तोंड बी लावलं न्हाई!"

चंदी रागावलेली होती, कालवडीवर. "वाटंनं म्या एक घोट बी पेली न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "बीएताई, तुमी गोंडा सोडला. मला वाटलं कालवड गेली."

मी तिथंच खाली बसले. वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली मी रडायला लागले. चंदीनं माझ्याकडं बघितलं, माझी मान खाजवली आणि तांब्या पुढं केला. "घ्या, प्या."

मी प्याले. कोमट पाणी, त्यात कडब्याची काडी. बाटली वर शिबिरात राहिली होती हे तेव्हा लक्षात आलं. निम्मं उरलं. मी तांब्या खाली ठेवणार, तेवढ्यात मास्तरांनी तो माझ्या हातातून घेतला. आमच्याकडं माणसं वरून धार धरून पितात, तांब्याला ओठ लागू देत नाहीत. मास्तरांनी मी प्यालेल्या ठिकाणीच तोंड लावलं आणि उरलेलं सगळं प्याले.

"तुम्हीच म्हणाला होता, दुसऱ्याचा घ्यायचा नाही," मी म्हणाले.

"आता ठराव झालाय न्हवं," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर चंदी त्यांच्या खांद्यावर झोपली. मी त्यांना कपबशीचं सांगितलं. वळचणीचं, आजोबांचं, आजीच्या एकसारख्या कपांचं. निळ्या दोऱ्याचंही. ते चालत राहिले. मग एका दगडाशी थांबून म्हणाले, "निळा मी मुद्दाम दिला बीए. सचिवानं सांगितलंतं तुमी कुटल्या. म्हनलं, आपला रंग बगून पोरीला बरं वाटंल."

मला हसावं की रडावं कळेना.

"त्या कपबशा म्या बी बघितल्यात," ते म्हणाले. "आमच्या गावात हुत्या. मी आत बसून च्या प्यायचो. रोज जाता-येता डोळ्यापुडं असायच्या, पन त्या कुनाच्या, त्यो मानूस कुटं बसून पितो, उनात का सावलीत, मी कदी इचारलं न्हाई. मोजनारा मानूस मी. तेवडंच मोजलं न्हाई." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "तुमचा तांब्या धा दिस पालथा हुता. ते मला दिसलं. कावून पालथा हाय, ते बी इचारलं न्हाई."

तेव्हा मला कळलं, रोज सकाळी तो एक बाहेर असलेला माणूस कोण होता.

"मास्तर, मला सगळ्यांना सांगून द्या की चूक माझी," मी म्हणाले. "आणि ओळ नका लिहू. मी जाते घरी."

"गूळ वाटलाय म्हनं तुमच्या वडलांनी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाजारात मान्सं बोलतेत," ते म्हणाले, आणि चंदीचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की माझा ठराव चुकला. सगळी पोरं खाली बघत बसली. मग मास्तर अध्यक्षाच्या दगडावरून उठले आणि पोरांच्यात येऊन मांडी घालून बसले.

"मला एक ठराव मांडायचाय," ते म्हणाले. त्यांनी ठराव मांडलेला त्याआधी कुणी ऐकला नव्हता. "बीएचा ठराव चुकला न्हाई. आर्दा बरूबर हाय. माजा आर्दा बरूबर हुता. तर आसं करू. चिंद्या परत बांदायच्या. पन आपली आपन न्हाई बांदायची, दुसऱ्यानं बांदायची. आन आपला तांब्या आपन भरायचा न्हाई. ज्यानं चिंदी बांदली त्यानं भरायचा. अनुमोदक कोन?"

चंदी उठली. या वेळी हात पार वर.

मावशीनं बोचका आणला. चिंध्यांना काजळी लागली होती, दोन-तीन जळाल्या होत्या. पोरांनी आपापल्या ओळखल्या आणि दुसऱ्याच्या हातात दिल्या. तासभर नुसत्या गाठी आणि भांडणं. "नीट बांद की, गळफास देतो का काय?" "आयला, ह्यो मला कदीच पानी भरनार न्हाई, मास्तर, मला दुसरा द्या." चंदीनं आपला गोंडा माझ्याकडं दिला, आणि माझा निळा दोरा घेऊन माझ्या तांब्याला बांधला. बैलाला घालतात तसली गाठ घातली. ती मला कधीच सोडता आली नाही.

मास्तर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. खिशातून हिरव्या काठाची पट्टी काढली. घडी उलगडली, एकदा बोटानं सारखी केली आणि माझ्यापुढं धरली.

"माजी तुमी बांदा."

मी बांधली. मग त्यांचा तांब्या रांजणातून भरून आणला आणि फळीवर ठेवला. ते हात पाठीमागं बांधून समोर उभे राहिले, उजवीकडून डावीकडं नजर फिरवली.

"त्रेचाळीस आत," ते म्हणाले.

शिबिर संपलं त्या दिवशी त्यांनी चारघडी कागद माझ्या हातात ठेवला. मी वाटेतच उघडला. लिहिलं होतं, "एकदा मोजायला चुकल्या. आता चुकणार नाहीत."

मला रागच आला. महिनाभर राबले, पोरं सोडायला तयार नव्हती, आणि चूक आधी लिहिली! 'उत्तम' लिहिलं असतं तर शाई संपली असती? सचिवांसमोर मी तो कागद नाइलाजानं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"मास्तरांनी दोन वाक्यं लिहिली?" ते म्हणाले. "ह्या मानसानं जन्मात दोन वाक्यं लिहिली न्हाईत." आणि शिपायाला हाक मारली, "बाईंना रुजू करून घ्या."

वडिलांना मी तो कागद वाचून दाखवला. मला वाटलं, पहिल्या वाक्यानं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरं लिवलंय. चुकलेलं झाकलं न्हाई त्यानं." मग कागद घडी करून आपल्या टोपीत ठेवला आणि चार दुकानं फिरून आले.

त्यानंतरही दर उन्हाळ्यात शिबिर होत राहिलं, पाऊस पडला तरी, न पडला तरी. मास्तर सात उन्हाळे आले. गुडघे जात चालले, हाफपँट तीच. पाणी मुबलक असलेल्या वर्षीसुद्धा कबड्डी बसूनच. पोरं मोठी होऊन भेटायला यायची तेव्हा ते त्यांची नावं विसरलेले असायचे. पण चिंधी सांगितली की लगेच ओळखायचे. "पिवळी, लाल काटाची, म्हंजी तू त्यो नाक पुसनारा." आणि मला शेवटपर्यंत बीए. मी पुढं एमए झाले, ते सांगायला गेले, तर म्हणाले, "बरं झालं बीए."

सातव्या वर्षी त्यांना न्यायला त्यांचा मुलगा जीप घेऊन आला. डोंगर चढणं आता जमायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोरं रांगेत उभी होती. मास्तरांनी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला, मावशीला म्हणाले, "मिरची कमी टाकत जा," मावशीनं डोळ्याला पदर लावून झारा दाखवला. ते जीपमध्ये बसले.

माझी नजर फळीकडं गेली. हिरव्या पट्टीचा तांब्या सुलटा, भरलेला. सकाळी मीच भरलेला. सात वर्षांत परसाकडं जातानासुद्धा तो पालथा करायला न विसरलेला माणूस. मी जीपमागं पळाले.

"मास्तर! ओ मास्तर! तांब्या पालथा करायचा राहिला!"

जीप थांबली. त्यांनी मान बाहेर काढली. बघत राहिले, फळीकडं नाही, माझ्याकडं.

"ऱ्हावू द्या बीए," ते म्हणाले. "मी कुटं बाहेर चाललोय?"

तो तांब्या अजून फळीवर तसाच आहे. पाणी मी रोज बदलते.